पेढे नकोत, चकल्या चालतील

दुपारी खोबऱ्याची वाटी किसणीवर धरली आणि हे म्हणाले, "मेलबर्नच्या चिवड्यासाठी का? मग थांब." आणि मोबाइलच पुढे केला. सुकं खोबरं विमानात टाकायच्या सामानात चालत नाही म्हणे. मार्च २०२२ मध्ये तसा नियम आला. खोबऱ्यात तेल फार, कोंडून राहिलं की आपोआप तापून पेट घेऊ शकतं. म्हणून धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याला चक्क स्वतःचा क्रमांक आहे, १३६३. गोकुळाष्टमीच्या सुंठवड्यात आपण जे मूठभर ढकलतो, ते हे! वाटीकडे मी जरा आदरानेच पाहिलं.

देवासाठी नियम वाकतो, हेही कळलं. शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला, म्हणजे डोक्यावरून न्यायच्या पूजेच्या गाठोड्यातला, नारळ केबिनमध्ये न्यायची मुभा ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळाली, तीही मुदतीपुरती. लेकीसाठी कोण वाकवणार?

माझा खरा राग मात्र श्रीखंडावरून आहे. २००६ च्या ऑगस्टमध्ये लंडनहून सुटणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवायचा कट उघडकीला आला आणि तेव्हापासून हातातल्या सामानात शंभर मिलिलिटरची मर्यादा आली. पाणी, सरबत, ठीक आहे. पण रात्रभर टांगून, चमचा उभा राहील इतका घट्ट झालेला चक्का पातळ पदार्थांत कसा बसतो? तुपाचं तर विचारूच नका. जानेवारीत सुरीने कापावं लागतं, मे महिन्यात ओतता येतं. तपासणीच्या त्या टेबलावर चक्का बांधायची सवय असलेलं एक तरी माणूस बसवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पेढ्यांचं प्रकरण वेगळं. ते सुरक्षेवाले अडवत नाहीत, पलीकडचे अडवतात. ऑस्ट्रेलियात उतरताना कार्डावर खाण्याचं सगळं लिहून द्यावं लागतं, आणि पेढे, बर्फी, गुलाबजाम असलं दुधाचं काही चालतच नाही. साताऱ्याचे कंदी पेढे कचऱ्यात जाणार, या विचारानेच मी तावातावाने कारण शोधायला बसले. कारण निघालं लाळ्या-खुरकूत.

हा शब्द मी किती वर्षांनी वाचला! आजोळी गोठ्यात एका वर्षी ती साथ शिरली होती. चंद्री नावाची गाय, एरवी पेंढी हातातून ओढून घेणारी, तोंड खाली घालून उभी. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या, जिभेवर फोड, एक पाय टेकवत नव्हती. आजोबा जांभळ्या औषधाचं पाणी करून तिचे खूर धूत. ते पाणी शेणात मिसळून गोठाभर पसरायचं आणि आमची पावलंही जांभळी व्हायची. आम्हाला मजा. आजी मात्र बोलत नसे. दूध आटलं होतं, आणि वाडीतल्या कुणी आमची जनावरं पाणवठ्यावर येऊ दिली नाहीत. शेजारची काकू तर अंगणातूनच हाक मारायची, आत येत नसे. तिच्याही दावणीला दुभती म्हैस होती. आजीने तिचा राग धरल्याचं आठवत नाही. चंद्री जगली, पण पहिल्यासारखं दूध तिने पुन्हा कधी दिलं नाही.

ऑस्ट्रेलियात हा रोग १८७२ नंतर आलेला नाही. आपल्याकडे तो अजून आहे, आणि दुधाच्या पदार्थांतूनही विषाणू प्रवास करू शकतो. तेव्हा त्यांचं त्या काकूसारखंच आहे, अंगणातूनच हाक. पेढे मी मुकाट्याने यादीतून खोडले.

श्रीखंडाबद्दलचं माझं मत मात्र कायम आहे.

रात्री लेकीला फोनवर चंद्रीची सगळी कथा सांगितली. तिने शांतपणे ऐकली. मग म्हणाली, "आई, चकल्या भाजणीच्याच आणतेयस ना? मागच्या वेळी तू तांदळाच्या आणल्या होत्यास."