पाटीवर ‘गर्भपात’ हा शब्द नाही

सोलापुरातल्या कुठल्याही सोनोग्राफी सेंटरमध्ये गेलात तर दर्शनी भागात पाटी दिसेल: येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याने ही पाटी लावणं बंधनकारक केलंय. ती शांतपणे वाचा. गर्भपाताबद्दल तिच्यात एक अक्षर नाही. तरीही ‘गर्भपाताला बंदी आहे’ असं छातीठोकपणे सांगणारी माणसं शहरात आणि तालुक्यांत पदोपदी भेटतात, अगदी शिकलेलीसुद्धा. या एका गैरसमजापायी बाईचे आठवडे वाया जातात, आणि या विषयात आठवडे म्हणजेच सगळं.

गर्भपात भारतात १९७१ च्या कायद्याने १ एप्रिल १९७२ पासून कायदेशीर आहे. त्याआधी ज्या समितीने हा प्रश्न तपासला, तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा हे महाराष्ट्राचेच मंत्री. समिती १९६४ मध्ये नेमली गेली, अहवाल १९६६ मध्ये आला. चोरून, अडाणी हातांनी होणाऱ्या गर्भपातांत बायका जात होत्या, हे त्यामागचं मोठं कारण होतं. गर्भाचं लिंग शोधणं आणि सांगणं हा मात्र गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. गुन्हा तपासणीच्या टेबलावर घडतो. पुढे होणाऱ्या प्रत्येक गर्भपाताकडे संशयाने पाहिलं की चोर सुटतो आणि भलतीच बाई अडकते.

आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात म्हैसाळला २०१७ मध्ये काय सापडलं ते आठवा. गर्भपात करताना एका बाईचा जीव गेला आणि तपासात पुरलेले १९ भ्रूण निघाले. तिथे गर्भलिंगनिदानाचा आणि गर्भपाताचा, दोन्ही कायदे मोडले होते. अशा प्रकरणांनंतर तपासण्या कडक झाल्या, ते बरोबरच झालं. पण त्याचा धसका घेऊन अनेक औषध दुकानांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच बंद केलं, त्याला अर्थ नाही. या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच द्यायच्या असतात, आणि नऊ आठवड्यांच्या गर्भाचं लिंग सोनोग्राफीत दिसत नाही. चिठ्ठीवर गोळी देणाऱ्या दुकानदाराला धाक दाखवून मुलगी वाचत नाही. बाई फक्त चिठ्ठीशिवाय गोळी विकणाऱ्याकडे जाते.

गोळ्यांच्या किटमध्ये पाच गोळ्या असतात: २०० मिलिग्रॅमची मिफेप्रिस्टोन एक आणि २०० मायक्रोग्रॅमच्या मिसोप्रोस्टॉल चार. आधी मिफेप्रिस्टोन, मग २४ ते ४८ तासांनी बाकीच्या चार. ऐकायला सोपं वाटतं, बिघडतं ते आधीच्या तपासणीत. दिवस चुकीचे मोजले तर गर्भ अर्धवट पडतो आणि शेवटी पिशवी साफ करावी लागतेच. गर्भ नळीत असेल तर गोळ्यांचा उपयोग होत नाही. रक्तस्राव मात्र होतो, काम झालं असं वाटतं आणि नळी फुटेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. हिमोग्लोबिन कमी असेल तर नेहमीचा रक्तस्रावही झेपत नाही. दिवसभर विड्या वळणाऱ्या किंवा उसाच्या फडात राबणाऱ्या बाईच्या बाबतीत हे आधी तपासायला हवं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा. तांबी बसवलेली असेल तर ती आधी काढावी लागते. एका तासात दोन पॅड पूर्ण भिजले आणि सलग दोन तास असंच चाललं, किंवा ताप दिवसभर उतरला नाही, तर सकाळची वाट पाहू नका. दोन आठवड्यांनी फेरतपासणी ठरलेली असते. बहुतेक जणी नेमकी तीच टाळतात.

आता मोजणीचं. घरात दिवस महिन्यांनी मोजतात, तेही पाळी चुकल्यापासून. डॉक्टर आणि कायदा मोजतात आठवडे, तेही शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणजे पाळी चुकली त्या दिवशी कागदावर साधारण चार आठवडे भरलेले असतात. ‘अजून दोनच महिने झालेत’ म्हणणारी बाई बारा आठवड्यांच्या पुढेही असू शकते, आणि तिची गोळ्यांची मुदत कधीच संपलेली असते.

२० आठवड्यांपर्यंत एका पात्र डॉक्टरचं मत पुरतं. २०२१ ची दुरुस्ती होईपर्यंत १२ आठवड्यांनंतर दोन डॉक्टर लागत, आणि जुनाच नियम सांगून परत पाठवणारे आजही आहेत. बाई १८ वर्षांची असेल तर सही फक्त तिची, संमतीच्या नमुना ‘सी’वर. नवऱ्याची नाही, सासूची नाही. तरी ‘मिस्टरांना घेऊन या’ हे वाक्य सर्रास ऐकू येतं. नवरा यंत्रमागाच्या रात्रपाळीला, किंवा पुण्याला, किंवा त्याला सांगायचंच नसतं, आणि आठवडा जातो. डॉक्टर स्वतःच्या बचावासाठी सही मागतात हे कळतं, पण कायद्याने ती मागितलेली नाही. मुलगी १८ च्या आतली असेल तर पालकाची सही लागते आणि पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली, कळवणंही बंधनकारक आहे. मात्र मुलीची आणि पालकांची तशी विनंती असेल तर त्या कळवण्यात तिचं नाव उघड करायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सांगितलंय.

२० ते २४ आठवड्यांसाठी दोन डॉक्टर लागतात, आणि ही मुदत सगळ्यांना नाही, ठरावीक कारणांसाठीच आहे. बलात्कार किंवा जवळच्या नात्यातला अत्याचार, अल्पवयीन मुलगी, गरोदरपणातच वैधव्य किंवा घटस्फोट, मोठं अपंगत्व, मानसिक आजार, गर्भातलं गंभीर व्यंग, आपत्तीची परिस्थिती. त्याच २०२२ च्या निकालाने अविवाहित बाईलाही हा दरवाजा उघडला, आणि नवऱ्याने केलेली बळजबरी या कायद्यापुरती बलात्कारात धरली.

नैतिक वाद खरा कुठे आहे? माझ्या मते दोन जागी. पहिली जागा कायद्याच्या रचनेत. भारतीय न्याय संहितेचं कलम ८८ आजही गर्भपाताला मुळात गुन्हाच मानतं, आणि स्वतःचा गर्भ पाडणारी बाईही त्यात येते. १९७१ चा कायदा हा त्याला अपवाद, आणि तोही डॉक्टरला शिक्षेपासून वाचवणारा. बाईला हक्क दिलाय असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. तिने कारण सांगायचं आणि डॉक्टरने पटवून घ्यायचं. मला हे चूक वाटतं, निदान पहिल्या बारा आठवड्यांत तरी.

दुसरी जागा २४ आठवड्यांच्या पुढची, आणि तिथे सोपं उत्तर माझ्याकडेही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सव्वीस आठवड्यांच्या एका विवाहितेला सर्वोच्च न्यायालयाने आधी परवानगी दिली. मग एम्सच्या डॉक्टरांनी विचारलं की गर्भ जगण्याजोगा आहे, त्याचे ठोके थांबवायचे का? दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले आणि १६ ऑक्टोबरला तीन न्यायमूर्तींनी परवानगी नाकारली. त्या बाईच्या मनाची अवस्था खरी होती आणि डॉक्टरांचा प्रश्नही खरा होता. यातला एक खोटा ठरवून जो बोलतो, त्याच्याशी माझं जुळत नाही.

हा वाद आपल्या जिल्ह्याला नवा नाही. पंढरपुरात १८७५ मध्ये लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने बालहत्या प्रतिबंधक गृह निघालं, कारण लोकलाजेपायी विधवांची पोरं जन्मताच मारली जात. तेव्हाच्या समाजाने बाईला वाट दिली नव्हती आणि नंतर तिलाच पापी ठरवलं होतं.

२४ आठवड्यांनंतर, बाईचा जीव वाचवण्याची तातडी सोडली तर, कायद्यात एकच वाट उरते: गर्भात गंभीर व्यंग असल्याचं मेडिकल बोर्डाचं निदान. व्यंग दाखवणारी सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांत होते. ती बावीसाव्या आठवड्यापर्यंत लांबवली, मग गर्भजलाची तपासणी आणि तिच्या रिपोर्टची वाट, की २४ आठवडे मागे पडतात. म्हणून अठराव्यालाच जा. बोर्डाने अर्ज मिळाल्यापासून तीन दिवसांत मत द्यायचं असतं आणि परवानगी दिल्यास अर्ज मिळाल्यापासूनच पाच दिवसांत गर्भपात व्हायला हवा. कुठल्या बोर्डाकडे जायचं ते सिव्हिलच्या स्त्रीरोग विभागात विचारा. बोर्डाने नाकारलं तर उच्च न्यायालय. सोलापूरकरांना त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच आपल्यासाठी आहे. जाताना सगळ्या सोनोग्राफींचे तारखेसह रिपोर्ट आणि बोर्डाचं लेखी मत बरोबर हवं. बोर्डाकडे अर्ज देतानाच तारीख घातलेली पोच मागून घ्या, कारण ते तीन दिवस त्याच तारखेपासून मोजले जातात.