डिकँटर की सेपरेटर? चरबीच्या कारखान्यासाठी यंत्र निवडतानाचा माझा अनुभव

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा लहान कारखाना आहे. सांगली-मिरज परिसरातील चिकन दुकानांतून येणारी कातडी व चरबी शिजवून आम्ही तेल काढतो. पूर्वी शिजलेला माल रात्रभर टाकीत ठेवून वर आलेले तेल काढत असू. परंतु कोमट पाण्याच्या व चोथ्याच्या सहवासात तेलातील मुक्त मेदाम्ले (चरबी विघटित होऊन सुटणारी आम्ले) वाढत, वास उग्र होई आणि भाव पडे. म्हणून सेंट्रिफ्यूज, म्हणजे माल वेगाने फिरवून त्यातील जड व हलके भाग वेगळे करणारे यंत्र, घेण्याचे ठरले.

आमच्या जिल्ह्यात दुधाचा धंदा मोठा असल्यामुळे मलई काढणारे चकत्यांचे यंत्र, म्हणजेच सेपरेटर, मी लहानपणापासून पाहिले होते आणि तेच येथेही चालेल, अशी माझी ठाम समजूत होती. एका विक्रेत्याने तसे यंत्र चालवूनही दाखवले, पण त्यात सोडलेले तेल आधीच गाळलेले होते. चकत्यांमधील फट जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. आमच्या मालातील मांसाचे तंतू तिच्यात अडकल्यावर काय होईल, याचे उत्तर त्या प्रात्यक्षिकातून मिळणे शक्यच नव्हते.

त्यानंतर मी स्वतःच्याच मालाचे नमुने घेऊन प्रयोगशाळेतील लहान सेंट्रिफ्यूजवर, खुणा असलेल्या नळ्यांत, वेगवेगळ्या तापमानांना फिरवून पाहिले. ६० अंशांना थर पुसट दिसत. ९० ते ९५ अंशांना मात्र वर तेल, मध्ये पाणी आणि तळाशी चोथा असे स्पष्ट विलग होत. नळीचा जवळजवळ पाचवा हिस्सा चोथ्याने भरलेला पाहिल्यावर पहिले यंत्र आडवा डिकँटरच (आतल्या स्क्रूने चोथा सतत बाहेर ढकलणारे आडवे सेंट्रिफ्यूज) हवा, हे निश्चित झाले. तेल आणि पाणी यांच्यामध्ये लोण्यासारखा एक पांढरट थरही राही. त्याचे कारण आमचा पंप निघाला: वेगाने फिरणारा पंखा माल घुसळून तेल-पाणी एकजीव करत होता. त्या जागी संथ चालणारा, माल न घुसळता पुढे सरकवणारा मोनो पंप बसवल्यावर तो थर बराच पातळ झाला. नवे यंत्र घेण्याआधीच झालेली ही सुधारणा मला फार मोलाची वाटते.

माहितीपत्रकांत फेऱ्यांचे आकडे ठळक छापलेले असतात, पण बाऊलचा (यंत्रातील फिरत्या पिंपाचा) व्यास विचारल्याशिवाय त्यांना अर्थ नाही. ३५ सेंटिमीटर व्यासाचा बाऊल मिनिटाला ३,२०० फेऱ्यांनी फिरला, तर त्याच्या भिंतीपाशी गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २,००० पट बल मिळते. ४,००० फेऱ्यांना तेच ३,१०० पटींच्या पुढे जाते, कारण बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

तेल, पाणी व चोथा एकदम वेगळे करणारा तीन मार्गांचा डिकँटरही मी पाहिला. आमचा माल दररोज बदलतो आणि त्याप्रमाणे पाण्याची पातळी पुन्हा पुन्हा जुळवावी लागली असती, म्हणून चोथा काढण्यासाठी साधा डिकँटर आणि तेलातील पाणी व बारीक गाळ काढण्यासाठी त्याच्यामागे चकत्यांचा लहान सेपरेटर, अशी जोडी घेतली. हाडांच्या कणांनी स्क्रू झिजतो, त्यामुळे त्याच्या कडांना टंगस्टन कार्बाइडचे आवरण मागून घेतले. मालात चुकून आलेल्या लोखंडी तुकड्यांसाठी वाटेत चुंबक बसवला.

सुरुवातीला चोथा ओला येई आणि त्याबरोबर तेलही जाई. बाऊल व स्क्रू यांच्या वेगातील फरक थोडा थोडा कमी करत, प्रत्येक वेळी स्क्रूवरचा भार पाहत गेलो, तेव्हा कुठे मुठीत दाबल्यावर तेल न सुटणारा चोथा मिळू लागला.