विहिरीत सोडलेले रिकामे हाउसिंग

कॅमेऱ्यासाठी पाण्याखाली वापरायचे हाउसिंग, म्हणजे कॅमेरा आत ठेवायची पाणी न शिरणारी पेटी, घ्यायचे ठरले, तेव्हा मीही आधी ते किती खोल पाण्यापर्यंत चालते याचाच आकडा पाहिला. कोणी 40 मीटर लिहिले होते, कोणी 60. पण मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्यालगत आपण ज्या पाण्यात उतरतो, तेथे आठ-दहा मीटरांच्या खाली जाण्याचा प्रसंग क्वचितच येतो, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चांगल्या दिवसांतही समोरचे पाच-सहा मीटर नितळ दिसले तर होडीवरची सगळीच मंडळी खूश असतात. अशा पाण्यासाठी खोलीच्या आकड्यावर जास्तीचे पैसे घालणे मला पटेना. इथे हाउसिंगची परीक्षा घेतात ते वाळू, दमट हवा आणि होडीच्या फळीवर बसणारे धक्के.

पाणी गढूळ असले की आपण आणि मासा यांच्यामधले अंतर जितके कमी, तितके चित्र स्वच्छ येते. त्यामुळे सर्वांत जास्त विचार मी पोर्टचा, म्हणजे लेन्ससमोरच्या काचेचा, केला. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे 1.33 असल्याने सपाट काचेतून पाहिलेली वस्तू तीन चतुर्थांश अंतरावर असल्यासारखी आणि सुमारे एक तृतीयांशाने मोठी भासते. परिणामी वाइड लेन्सची रुंदी कमी होते आणि आख्खे दृश्य मावावे म्हणून मागे सरकावे लागते, जे गढूळ पाण्यात नेमके नको असते. घुमटाकार डोम पोर्ट ही रुंदी राखतो. मात्र त्यात तयार होणारी आभासी प्रतिमा काचेच्या पुढे अगदी जवळ पडते, म्हणून लेन्सला जवळचे फोकस जमले पाहिजे. मी अ‍ॅक्रिलिकचा डोम घेतला. त्यावर चरे लवकर पडतात हे खरे, पण पाण्यात ते बरेचसे भरून निघतात, आणि किनाऱ्यावर परतल्यावर पॉलिशही करता येतात.

हाउसिंगचे अंग अ‍ॅल्युमिनियमचे की पॉलिकार्बोनेटचे, यावर मी फार वेळ घालवला नाही. अ‍ॅल्युमिनियम टिकाऊ असते आणि आतली उष्णता लवकर बाहेर टाकते, पण किंमत पाहता पॉलिकार्बोनेटच माझ्या आवाक्यातले होते. त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की, हाउसिंग बहुधा एकाच मॉडेलच्या मापाने बनवलेले असते आणि कॅमेरा बदलला की बटणे जुळत नाहीत; म्हणून आधी हाउसिंग पसंत करून मग त्यात बसणारा जुना कॅमेरा शोधणे मला जास्त शहाणपणाचे वाटते. माझ्या मित्राकडे ऑलिम्पसचा टीजी-6 आहे, जो नुसताच 15 मीटरपर्यंत चालतो. तरीही तो त्याला हाउसिंग घालतो, कारण बॅटरीच्या दाराच्या बारीकशा रबरात वाळूचा एक कण अडकला तरी पाणी थेट कॅमेऱ्यात शिरते.

उथळ पाण्यात धोका कमी, हा समज मात्र मी लवकरच सोडला. खोल गेल्यावर पाण्याचा दाबच झाकण घट्ट दाबून धरतो; पृष्ठभागाजवळ तो आधार नसतो, ओ-रिंग, म्हणजे झाकणाच्या कडेची रबरी कडी, सैल बसलेली असली तर पाणी तिथेच वाट काढते, आणि त्यात आपण होडीवरून हाउसिंग हातात धरून उडी मारतो.

म्हणून कॅमेरा आत न ठेवता मी चाचण्या सुरू केल्या. आत टिश्यू पेपर पसरून हाउसिंग अर्धा तास टबात बुडवून ठेवले आणि पाण्याखालीच प्रत्येक बटण पन्नासेक वेळा दाबले, कारण प्रत्येक बटणाच्या दांड्याला स्वतःची छोटी ओ-रिंग असते आणि बटण हलताना तीच दगा देते. कागद कोरडा निघाला. मग आमच्या गावच्या घरामागची विहीर आठवली. पाणी गोडे आणि खोली चारेक मीटर. तेवढ्या खोलीवर दर चौरस सेंटिमीटरला 0.4 किलो जास्तीचा दाब येतो, म्हणजे 10 सेंटिमीटर व्यासाच्या सपाट काचेवर साधारण 31 किलोचा भार. रिकामे हाउसिंग तरंगते, म्हणून त्याला चारेक किलोचा चिऱ्याचा तुकडा बांधला (जांभ्याचे वजनही पाण्यात जवळपास निम्मे होते, हे पहिल्या फसलेल्या प्रयत्नात कळले) आणि सुंभाच्या दोरीने खाली सोडले. काकी धुण्याची बादली घेऊन आली होती.

"काय रे, ह्यां काय सोडतंस बांवीत?"

मी समजावून सांगितले. तिने क्षणभर पाण्याकडे पाहिले आणि म्हणाली, "रिकामी पेटी बुडवूक पुण्यासून हंय इलंस?"

पहिल्या खेपेला कागद कोरडा होता. विहिरीच्या कठड्यावरच हाउसिंग उघडून मी कागद पाहिला, झाकण लावले आणि पुन्हा सोडले. वीस मिनिटांनी वर काढले तेव्हा तळाशी चमचाभर पाणी होते आणि कागदाचा एक कोपरा ओला. ओ-रिंग काढून उन्हात धरली, तर तिच्यावर आडवे चिकटलेले सुंभाचे एक कुसळ दिसले, केसापेक्षा थोडेसे जाड. दोरी ओढताना ते माझ्या बोटांवरून ओ-रिंगवरच्या ग्रीसला लागले असणार. त्या दिवसापासून दोरी नायलॉनची, आणि झाकण फक्त घरात, हात धुऊन आणि पंखा बंद करून लावायचे. ग्रीसही अगदी पातळ लावायचे; ते पाणी अडवण्यासाठी नसते, रबर मऊ राहून नीट बसावे एवढ्यासाठी असते, आणि जाड थर कचरा गोळा करतो.

यानंतर मी व्हॅक्यूम व्हॉल्व्ह बसवून घेतला. हातपंपाने आतली थोडी हवा ओढून वीस मिनिटे थांबायचे. आतला दाब दाखवणारा दिवा हिरवा राहिला तर हवा कुठून आत शिरत नाही, म्हणजे सगळे बंद आहे. कुसळाचा प्रकार याने विहिरीपर्यंत जाऊच दिला नसता. एकदा मात्र पडवीत उन्हाची तिरीप आलेल्या जागी ठेवले असता दिवा लाल झाला आणि मी तासभर नसलेली गळती शोधत बसलो. आतली हवा तापून तिचा दाब वाढला होता, एवढेच.

समुद्रात पहिल्यांदा नेले तेव्हा पाणी आले नाही, पण काच आतून धुरकटली. दमट सकाळी होडीवरच झाकण लावले, हाउसिंग उन्हात पडून राहिले आणि पाण्यात शिरताच काच थंड होऊन आतला दमटपणा तिच्यावर जमला. आता आदल्या रात्री एसीच्या खोलीत, सिलिका जेलची पुडी आत ठेवून झाकण लावतो, आणि होडीवर हाउसिंग ओल्या टॉवेलखाली ठेवतो.

पाण्यात त्याचे वजन किती भासते, हेही तिथेच कळले. डोममधल्या हवेमुळे पुढची बाजू वर उचलली जात होती आणि मनगट दुखू लागले. शिशाचा छोटा तुकडा पुढे बांधल्यावर तोल सावरला. फार जडही चालत नाही, कारण हातून सुटले तर ते थेट प्रवाळावर जाऊन आदळेल.

सध्या पाऊस आहे आणि डायव्हिंग बंद आहे. हाउसिंग गोड्या पाण्यात भिजवून, प्रत्येक बटण दाबून मीठ काढून, ओ-रिंग वेगळ्या डबीत आणि झाकण न आवळता ठेवले आहे. काकीने परवा फोनवर सांगितले की विहीर कठड्याला लागली आहे.