थंडीतला स्मॉलमाउथ : अकरा फेऱ्या, नऊ मासे

हिवाळा सरत आला, आता हिशेब मांडतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ११ वेळा नदीवर गेलो, ९ स्मॉलमाउथ बास (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) गळाला लागले आणि ५ वेळा हात हलवत परत आलो. मागच्या हिवाळ्यात सात फेऱ्यांत एकच लागला होता, त्यामुळे माझ्या लेखी ही घोडदौडच.

नदी म्हणजे पेनसिल्व्हेनियातली सस्क्वेहाना, हॅरिसबर्गच्या वरच्या अंगाला. सोबत डंकननजवळ तिला येऊन मिळणारी जुनियाटा. कराडच्या प्रीतिसंगमावर लहानाचा मोठा झालेल्या माणसाला संगम दिसला की गाडी थांबवावीच लागते. इथला संगम कृष्णा-कोयनेसारखा समोरासमोरचा नाही. जुनियाटा पश्चिमेकडून येते आणि तिचं पाणी पुढे बरंच अंतर पश्चिम काठाला धरूनच वाहतं. याचा उपयोग होतो. जुनियाटा गढूळ असली तर मी पूर्व काठाला जातो, तिथे पाणी स्वच्छ सापडण्याची शक्यता जास्त.

सस्क्वेहाना इथे जवळजवळ मैलभर रुंद, पण उथळ. रॉकव्हिलचा ४८ कमानींचा दगडी रेल्वेपूल (१९०२ चा) बघायला मोठा दिमाखदार, पण उन्हाळ्यात आसपास बऱ्याच ठिकाणी मांडीभरच पाणी असतं. तेव्हा स्मॉलमाउथ दगडादगडामागे सापडतो. पाणी ५० अंशांच्या खाली गेलं (फॅरनहाइट, इथे तोच हिशेब, म्हणजे आपले १०) की मासे तिथून उठतात आणि डोह गाठतात. काही तर त्यासाठी मैलोगणिक प्रवास करतात. म्हणजे नव्वद टक्के नदी रिकामी आणि उरलेल्या दहा टक्क्यांत सगळी गर्दी.

माझी पहिली चूक इथेच होती. डोहात तळाशी पाणी उबदार असणार, असं मी धरून चाललो होतो. तळ्यात ते काही अंशी खरं. चार अंश सेल्सियसचं पाणी सगळ्यात जड, ते खाली बसतं. वाहत्या नदीत मात्र पाणी सतत घुसळलं जातं, वर-खाली फारसा फरक राहत नाही. मासा डोहात जातो तो ऊब शोधायला नाही, धार चुकवायला. अंग गार पडलेलं, पचन मंदावलेलं, अशा वेळी प्रवाहाशी झगडण्यात शक्ती घालवणं त्याला परवडत नाही. हे डोक्यात बसल्यावर मी खोली मोजणं सोडलं आणि पाणी कुठे उभं राहतं ते बघू लागलो. पाण्यावर पडलेलं वाळकं पान जिथे गोल फिरत रेंगाळतं, ती जागा. सहा फुटांचीसुद्धा चालते.

नोव्हेंबर, दोन फेऱ्या. पाणी ४८. पहिल्याच दिवशी ट्यूब जिगवर (वजनदार डोक्याच्या हुकवर नळीसारखं रबरी नकली आमिष) दोन लागले, मोठा १६ इंचांचा. मला वाटलं, जमलं! दुसऱ्या फेरीला काहीच नाही. रात्रीत पारा घसरून पाणी ४३ वर आलं होतं. पाणी किती गार आहे यापेक्षा ते घसरतंय की ठरलंय, हे जास्त महत्त्वाचं. आता सलग तीन दिवस तापमान ठरलेलं किंवा चढतं असल्याशिवाय मी निघत नाही.

डिसेंबर, चार फेऱ्या, एक मासा. हा महिना लाजेचा. जर्कबेट वापरत होतो, म्हणजे झटका देऊन थांबवलं की पाण्यात अधांतरी थबकणारं माशाच्या आकाराचं नकली आमिष. सगळे सांगतात, ‘थांब.’ मी थांबायचो, पण मनातल्या मनात पाच मोजून लगेच झटका द्यायचो. चौथ्या फेरीला चहा ओतायला थर्मास उघडला, आमिष तसंच पाण्यात राहिलं, आणि त्याच वेळी लाइन (गळाची दोरी) थोडी बाजूला सरकली. १७ इंच! श्रेय चहाचं. त्यानंतर वीस-पंचवीस मोजल्याशिवाय हात हलवत नाही.

आणखी एक कळलं. उन्हाळ्यात हा मासा रॉड हिसकावतो, थंडीत ती ओढ हाताला लागतच नाही. जिग ओल्या चिंधीत अडकल्यासारखा जड वाटतो किंवा लाइन आपोआप ढिली पडते. मी हाताला काही जाणवायची वाट बघत असताना किती मासे आमिष थुंकून गेले असतील, देव जाणे.

जानेवारी. पाणी ३६, काठाला बर्फाची पापडी. पहिल्या फेरीला रॉडच्या कड्यांत बर्फ साचला, तो मी टिचकीने उडवायला गेलो आणि टोक तुटलं. घरी. (रॉड पाण्यात बुडवली की बर्फ आपोआप सुटतो. हे आधी कुणी सांगितलं असतं तर!)

दुसऱ्या फेरीला टेनेसीकडची जुनी युक्ती वापरली. मोठा तरंगा, त्याखाली आठ फुटांवर १/१६ औंसाचा केसांचा बारका जिग. जिग नाचवायचा नाही. लाटेने तरंगा डुलतो तेवढाच. आता हसू येतं. कराडला ज्वारीच्या चिपाडाचा तुकडा दोऱ्याला बांधून, गांडूळ लावून आम्ही तासन्‌तास बसायचो. इथे आल्यावर ती पोरकट पद्धत म्हणून सोडली आणि रील, विणलेली लाइन, फ्लोरोकार्बनची लाइन यांवर पैसे उधळले. जुनियाटाच्या उत्तर काठाला दुपारभर ऊन लागतं. तिथे दोनच्या सुमारास तरंगा बुडाला नाही, नुसता आडवा झाला. मासा आमिष घेऊन वर उचलतो तेव्हा असं होतं. दोन मिळाले, दोन्ही तसेच.

फेब्रुवारी, तीन फेऱ्या, चार मासे, एकही फेरी रिकामी नाही. पाणी ३८ ते ४१. तिन्ही वेळा तोच काठ, तोच तरंगा, तीच दुपारची वेळ. सगळ्यात मोठा १९ इंच, काशासारख्या रंगाचा, अंगावर उभे पट्टे, डोळा लाल. वीस इंचांचा अजून बाकी आहे.

सगळे मासे परत पाण्यात सोडले. २००५ पासून या नदीत स्मॉलमाउथची पिल्लं रोगाने मरू लागली होती आणि त्यानंतर इथे कडक नियम आले. हवा गोठणबिंदूखाली असेल तर मी फोटोसाठीही मासा उचलत नाही. कल्ले गोठतात. पाण्यातच हुक काढायचा, हात आधी ओले करायचे.

कयाक (वल्ह्याची निमुळती छोटी होडी) वापरणाऱ्यांसाठी : १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल लाइफ जॅकेट अंगावर असणं इथे कायद्याने सक्तीचं आहे, बोटीत पडलेलं चालत नाही. मी काठावरूनच खेळतो, तरी जानेवारीत शेवाळलेल्या दगडावरून घसरून कमरेपर्यंत गेलो. वेडर्सचा (पाण्यात उतरायच्या छातीपर्यंतच्या जलरोधक विजारीचा) पट्टा आवळलेला होता म्हणून आत पाणी फार शिरलं नाही. गाडीत कोरडे कपडे होते, पण मोजे विसरलो होतो. घरापर्यंत अनवाणी गाडी चालवली.

मार्चमध्ये पाणी ४५ च्या वर गेलं की मासे डोहातून सरकू लागतील. तोवर एक-दोन फेऱ्या होतील. एक तरंगा घरी चिपाडाचा करून बघायचाय. ज्वारी इथे मिळत नाही, मक्याचं ताट वाळत घातलंय.