ओटीपी न देताही पैसे जातात: श्टुटगार्टमधलं माझं कार्ड आणि वडगावातल्या काकीचं

कार्डावरून पैसे गेले असं कुणी सांगितलं की आपल्याकडं पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ओटीपी कुणाला दिलास?" बेळगावात हा प्रश्न शेजारी विचारतात, मेहुणे विचारतात, बँकेच्या दारातला वॉचमनसुद्धा विचारतो. विचारण्याचा सूर असा की समोरचा माणूस पुढं बोलायचंच सोडून देतो. जर्मनीत माझ्याबाबतीत आणि नंतर दिवाळीला घरी आलो असताना काकीच्या बाबतीत हा प्रकार जवळून बघितला. दोन्हीकडं ओटीपी कुणी कुणाला दिलेला नव्हता. तरी काकी तोंड मिटून बसली होती, ते केवळ या प्रश्नाच्या भीतीनं.

आधी माझं सांगतो, ते लवकर आटपलं. श्टुटगार्टला मिक्सरचं भांडं फुटलं. आपल्या मिक्सरला बसणारं भांडं इथल्या दुकानात कुठलं मिळायला, म्हणून भारतीय सामान विकणाऱ्या एका छोट्या वेबसाइटवरून मागवलं आणि डेबिट कार्डानं पैसे भरले. भांडं आलं, शेंगदाण्याची चटणी झाली, विषय संपला असं वाटलं. मग एके दिवशी खात्यात एक युरोसुद्धा भरणार नाही एवढ्या रकमेचा एक व्यवहार दिसला, अनोळखी दुकानाच्या नावानं. कार्ड चालतंय की नाही ते असं चिल्लर टाकून बघतात. त्याच रात्री 27 युरो, 29 युरो, पुन्हा 28, असे पैसे जायला लागले.

सगळ्या रकमा तिसाच्या आतच का, याचं कारण नियमात आहे. युरोपात 14 सप्टेंबर 2019 पासून ऑनलाइन पैसे भरताना ओटीपीसारखी दुहेरी खात्री करावी लागते, पण 30 युरोपर्यंतच्या व्यवहाराला बँक त्यातून सूट देऊ शकते. अशा सुटीचे सलग पाच व्यवहार झाले किंवा एकूण 100 युरो झाले की पुन्हा खात्री मागायची. चोरांना हा नियम माझ्यापेक्षा पाठ होता. भांडं विकणाऱ्यावर मी आळ घेणार नाही. कार्डाचा नंबर कुठून फुटला हे ग्राहकाला सहसा कधीच कळत नाही.

अॅपमधून कार्ड बंद केलं, बँकेला फोन केला. (अॅप उघडत नसेल तर जर्मनीत 116 116 हा नंबर आहे, बहुतेक बँकांची कार्डं तिथून बंद करता येतात.) पोलिसांकडं ऑनलाइन तक्रार नोंदवली आणि तिचा क्रमांक बँकेला दिला. इथल्या कायद्यात साफ लिहिलंय की ग्राहकानं मंजूर न केलेले पैसे बँकेनं, तिला कळल्यावर, पुढच्या कामकाजाच्या दिवसाच्या अखेरीपर्यंत परत द्यायचे. ग्राहकच लबाडी करतोय असा संशय असेल तरच थांबता येतं, पण तो संशय तिला सरकारी यंत्रणेला लेखी कळवावा लागतो. माझे पैसे आधी परत आले आणि पत्रं त्यानंतर, पोस्टानं, एकामागून एक येत राहिली. जर्मन माणसाचा कागदावर फार जीव.

आता काकी. बेळगावातल्या वडगावात राहते, मराठी शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाली. 2024 ची दिवाळी. 31 ऑक्टोबरला नरकचतुर्दशीच्या पहाटे घरात उटणं, तेल, पाण्याचे हंडे यांची धावपळ चाललेली असताना तिच्या मोबाइलवर तीन मेसेज आले. तिच्या पेन्शनच्या खात्यातून डॉलरमध्ये तीन खरेद्या झाल्या होत्या, मिळून 18,000 रुपयांच्या वर. तिनं ते वाचले, फोन पालथा ठेवला आणि सगळ्यांना फराळ वाढायला लागली. भाऊबीज उरकली, पाहुणे पांगले, तेव्हा मंगळवारी संध्याकाळी मला आतल्या खोलीत बोलावून तिनं फोन पुढं केला.

"तुझ्या काकाला सांगू नकोस हं. मास्तरणीला कोण फसवणार म्हणून सगळीकडं मिरवूलालते मी, आता कुठल्या तोंडानं सांगू?"

तिनं खरं तर काहीच चुकीचं केलं नव्हतं. दिवाळीसाठी एका वेबसाइटवर साडी घेतली, कार्डानं पैसे भरले, साडी आलीही. मग डॉलरचे पैसे ओटीपीशिवाय कसे गेले? भारतातल्या ऑनलाइन खरेदीला ओटीपीसारखी दुसरी खात्री लागते, परदेशातल्या दुकानाला तेव्हा तो नियम लागू नव्हता. कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे मिळाले की तिथं बऱ्याचदा काम भागायचं. 2020 पासून भारतात नवीन कार्ड देताना परदेशी वापर बंद ठेवूनच देतात, हवा तर आपण चालू करायचा. काकी लेकीकडं दुबईला गेली होती तेव्हा तो चालू केला होता आणि तसाच राहिला होता.

कार्डाच्या मागच्या बाजूला छापलेल्या नंबरवर त्याच संध्याकाळी फोन लावून कार्ड बंद केलं आणि तक्रार क्रमांक लिहून घेतला. चुलतभाऊ गूगलवर बँकेचा कस्टमर केअर नंबर शोधूलालता, त्याला तिथंच थांबवलं. तिथं चोरांनीच टाकलेले नंबर सापडतात आणि एकदा गेलेले पैसे दुसऱ्यांदा जातात. मग 1930 ला, सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या सरकारी नंबरला फोन. कन्नडमध्ये बोलायचं काम भावानं केलं, तो उद्यमबागेत नोकरीला असल्यामुळं त्याची कन्नड आमच्या सगळ्यांपेक्षा बरी.

दुसऱ्या दिवशी ब्रँच. फॉर्म कन्नड, हिंदी आणि इंग्रजीत. अर्ज मी इंग्रजीत लिहिला, काकीनं त्यातल्या स्पेलिंगच्या दोन चुका काढल्या. काउंटरवरचे साहेब मराठी बोलणारेच होते, वागायलाही सभ्य, पण त्यांनी मेसेजची तारीख बघितली आणि मान हलवली. "आठवडा झाला की हो बाई. तीन दिवसांत यायला पाहिजे होतं."

ती तीन दिवसांची गोष्ट तेव्हा लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकातली. चूक ग्राहकाची नाही, बँकेचीही नाही, मधल्याच कुणाची आहे, अशा व्यवहाराची खबर तीन कामकाजाच्या दिवसांत दिली तर ग्राहकाचा एक रुपयाही जात नव्हता. चार ते सात दिवसांत दिली तर साध्या बचत खात्यावर जास्तीत जास्त 10,000 रुपये अंगावर पडायचे. त्यानंतर बँकेच्या धोरणावर. साहेबांचं म्हणणं खरं धरलं असतं तर काकीची निम्म्याहून जास्त रक्कम बुडाली असती.

पण त्याच परिपत्रकात असंही होतं की मेसेज आला तो दिवस धरायचा नाही, आणि पुढचे दिवस ग्राहकाच्या स्वतःच्या ब्रँचच्या कामकाजाप्रमाणं मोजायचे. साहेबांच्या डोक्यावरच कॅलेंडर टांगलेलं होतं. त्यावर बोट ठेवून मोजलं. 31 तारीख सोडली. 1 नोव्हेंबर, राज्योत्सव म्हणजे कर्नाटकाचा स्थापना दिवस, ब्रँच बंद. 2 ला पाडवा, बंद. 3 ला रविवार. सोमवार एक, मंगळवार दोन. मंगळवारी संध्याकाळी तर आम्ही फोन केला होता. साहेबांनीही पुन्हा एकदा मोजलं, हसले आणि शिक्का उचलला.

बाहेर आल्यावर काकीला हसू आवरेना. बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाला 1 नोव्हेंबरला काळी साडी नेसून काळ्या दिनाच्या फेरीत जाणारी ही बाई, आणि तिचे पैसे वाचवायला धावून आली ती राज्योत्सवाची सुट्टी. सीमाभागातल्या माणसालाच यातली गंमत कळेल. श्टुटगार्टच्या मित्रांना सांगताना मला आधी 1956 पासून, राज्यांच्या वाटणीपासून, सुरुवात करावी लागली.

अर्जात काय लिहिलं हे विचाराल म्हणून सांगतो. कार्ड सतत ताब्यात होतं. त्या वेळी कोणताही ओटीपी आला नाही, दिला नाही. तिन्ही व्यवहारांची वेळ आणि रक्कम, मेसेजचे फोटो, 1930 चा तक्रार क्रमांक. आणि शेवटी एक ओळ: चूक ग्राहकाची आहे हे सिद्ध करायची जबाबदारी परिपत्रकाप्रमाणं बँकेची आहे. खबर मिळाल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेनं रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची होती आणि 90 दिवसांत निकाल लावायचा होता. तसं झालं नाही किंवा 30 दिवसांत उत्तरच आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, फुकट. आमच्यावर ती वेळ आली नाही.

मला विचाराल तर ऑनलाइन खरेदीला डेबिट कार्ड वापरूच नये, निदान ज्यात पेन्शन जमा होते त्या खात्याचं तरी नाही. क्रेडिट कार्डावर वाद झाला तर पैसे बँकेचे अडकतात, डेबिटवर झाला तर महिन्याचा किराणा आपला अडकतो. काकीला हे पटलं नाही. क्रेडिट म्हणजे उधारी, आणि उधारी तिच्या घराण्यात नाही. मग तिच्याच ब्रँचमध्ये एक वेगळं छोटं खातं उघडलं, त्यात दोन-तीन हजारच ठेवायचे, खरेदी त्याच कार्डावरून. परदेशी वापर बंद.

मी परत आल्यावर तिचे पैसे जमा झाल्याचा फोन आला. पण तिन्ही खरेद्यांवर परकीय चलनाचा आकार आणि त्यावरचा जीएसटी कापला होता, तो काही परत आला नव्हता. रक्कम किरकोळ, मी म्हटलं सोडून दे. काकीनं पासबुकाला पेन्सिलीनं खुणा केल्या, काकांना बरोबर घेतलं आणि ब्रँचमध्ये जाऊन दुसरा अर्ज दिला, या खेपेला स्वतःच्या इंग्रजीत. तेही पैसे आले.