अस्वल सगळ्यांकडेच होतं

२००२ सालच्या मे महिन्यातली सकाळ. मी ऑफिसात शिरले तेव्हा टेबलावरचा फोन वाजत होता, आणि तो उचलेपर्यंत शेजारच्या टेबलावरचाही वाजायला लागला. कॉम्प्युटर सांभाळायचं काम तेव्हा आम्हा दोघांकडे होतं, मी आणि माझा एक ज्युनिअर.

"अगं, माझ्याकडे अस्वल सापडलं!" पहिला फोन.

दुसरा फोन त्याच्याही पुढचा. "अस्वल डिलीट केलंय. आता रिसायकल बिन रिकामी करू ना?"

कसलं अस्वल, असं मी तिसऱ्याला विचारलं, तेव्हा त्याने मेल वाचून दाखवला. एक नवा व्हायरस आलाय. नॉर्टन आणि मॅकॅफी या दोन्ही अँटिव्हायरसना तो सापडत नाही. १४ दिवस गप्प बसतो आणि मग सगळं उद्ध्वस्त करतो. अॅड्रेस बुकमधून आपोआप पसरतो, म्हणजे तुमच्याही मशीनमध्ये तो असणार. स्टार्टमध्ये जा, फाइंड उघडा, 'जेडीबीजीएमजीआर डॉट ईएक्सई' हे नाव टाका. समोर छोट्या अस्वलाचं चित्र दिसेल. त्यावर क्लिक करू नका, थेट डिलीट करा. आणि सापडलं, तर अॅड्रेस बुकमधल्या प्रत्येकाला ताबडतोब कळवा.

मी फोन ठेवला आणि पहिल्यांदा स्वतःच्या मशीनवर शोधलं. सापडलं. विंडोजच्या सिस्टिम फोल्डरमध्ये, इतर फायलींच्या निर्जीव चौकोनी चित्रांच्या रांगेत, एक करडं, खेळण्यातलं अस्वल बसलं होतं. माझ्या पोटात गोळा आला, हे मी लपवणार नाही. दोनच वर्षांपूर्वी, मे २००० मध्ये, 'आय लव्ह यू' नावाचा मेल असाच अॅड्रेस बुकमधून जगभर पसरला होता. तो खोटा नव्हता. प्रेमपत्र समजून लोक सोबतची फाइल उघडत आणि ती फाइल त्यांच्या ओळखीच्या सगळ्यांकडे स्वतःला पाठवत असे. लोकांच्या मनातून ती भीती गेली नव्हती, माझ्याही नाही.

अँटिव्हायरस लावून पाहिला. मशीन स्वच्छ आहे म्हणाला. पण मेलमध्ये आधीच लिहिलेलं होतं की अँटिव्हायरसला हा सापडत नाही! म्हणजे 'काही नाही' असं उत्तर आलं तरी मेलच खरा ठरणार. ज्याने कुणी हा मजकूर रचला, त्याने वाचणाऱ्याच्या वाटा एकेक करून बंद केल्या होत्या. या गोष्टीचा मला आजही राग येतो.

तोवर ज्युनिअर स्वतःच्या मशीनवर शोधून आला. "मॅडम, माझ्याकडेही आहे." फोन करणाऱ्या प्रत्येकाकडे होतं. शोधलं आणि मिळालं नाही, असं एकही माणूस म्हणत नव्हता. इथे मी थबकले. खरा व्हायरस कितीही वेगाने पसरला तरी काही मशीन सुटतात. कुणी रजेवर असतं, कुणी मेल उघडलेला नसतो. हे अस्वल मात्र झाडून सगळ्यांकडे?

कोपऱ्यात एक मशीन पडलेली होती. आदल्या संध्याकाळी ज्युनिअरने तिची हार्ड डिस्क फॉरमॅट करून मूळ सीडीवरून विंडोज ९८ टाकलं होतं. तिला नेटवर्कची वायर अजून लावलेलीच नव्हती. ना मेल, ना इंटरनेट. ती चालू केली, फाइंड उघडलं, नाव टाकलं. भिंगाचं चित्र थोडा वेळ फिरत राहिलं. आम्ही दोघं वाकून बघत होतो.

अस्वल होतं. तेच, तिथेच.

फाइलवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या, तर वर्णनात मायक्रोसॉफ्टचं नाव आणि जावाचा डीबगर, म्हणजे जावा या भाषेत लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधणारं साधन, नोंदवण्याची सोय असा उल्लेख. विंडोजबरोबरच येणारी फाइल. चित्र तेवढं विचित्र, बाकी निरुपद्रवी. मग अँटिव्हायरस कंपनीच्या साइटवर तेच नाव शोधलं. खोट्या इशाऱ्यांच्या यादीत ते आलेलं होतं. आदल्याच वर्षी 'एसयूएलएफएनबीके' नावाच्या फाइलवरून हाच प्रकार झाला होता. ती तर फायलींची लांब नावं परत आणण्याचं विंडोजचंच साधन होती.

ऑफिसला पाठवायची सूचना लिहिताना पहिली ओळ मी तीनदा बदलली. शेवटी ठेवली ती अशी : "फाइल डिलीट करू नका. केली असेल तर घाबरू नका." घाबरलेला माणूस दुसऱ्या परिच्छेदापर्यंत वाचत नाही, म्हणून करायचं काय ते आधी आणि कारण नंतर. जावावर काम करणाऱ्या दोन प्रोग्रामरनीही फाइल उडवली होती. त्यांना ती कोपऱ्यातल्या मशीनवरून कॉपी करून दिली. इतरांचं तिच्यावाचून काही अडणार नव्हतं.

नुकसान फाइलचं नव्हतंच. प्रत्येकाने मेल अख्ख्या अॅड्रेस बुकला पाठवल्यामुळे सर्व्हरवर रांग लागली होती आणि कामाचे मेल त्या रांगेत अडकले होते. एकाने १० जणांना पाठवायचं, त्या प्रत्येकाने आणखी १० जणांना, असं धरलं तर सहाव्या फेरीत १० लाख मेल होतात. दुपारी एका ग्राहकाचा फोन आला. आमच्याकडून इशारा आला म्हणून त्यांनी त्यांच्या सगळ्या मशीनवरची फाइल काढून टाकली होती आणि आमचे आभार मानायला फोन केला होता. तुमच्याकडून आलं म्हणजे खरंच असणार, असं ते म्हणाले. खरं काय ते त्यांना सांगताना माझा आवाज अडखळला.

चारच्या सुमाराला अकाउंट्समधल्या मॅडमचा फोन आला. त्या माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या, आकड्यांत कधी चूक न करणाऱ्या. "अगं, तो मेल ऑफिसात माझ्यामुळे आला ना?"

खोटं बोलणं शक्य नव्हतं. ऑफिसात फिरणाऱ्या प्रत्येक मेलच्या खाली, बाणांच्या चिन्हांच्या रांगांमध्ये, त्यांचं नाव दिसत होतं.

"मी नुसता ढकलला नाही गं," त्या म्हणाल्या. "आधी माझ्या मशीनवर शोधलं. सापडलं. मगच पाठवला."

हे वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. त्यांनी तपासलं होतं! न बघता पाठवणाऱ्यांतल्या त्या नव्हत्याच. पण तपासायचं कसं, हे त्यांना त्या मेलनेच शिकवलं होतं, आणि त्या पद्धतीने उत्तर 'सापडलं' असंच येणार होतं. निरोगी मशीनमध्येही ही फाइल असते का, हा प्रश्न मेलच्या बाहेरचा होता. तो मला सुचला, कारण माझ्या कोपऱ्यात एक कोरी मशीन पडलेली होती. त्यांच्याकडे ती नव्हती. हे मी त्यांना सांगितलं, त्यांची समजूत घालायची म्हणून नव्हे, मला ते तसंच वाटत होतं म्हणून.

दुरुस्तीचा मेल मी लिहून देते म्हटलं, तर त्या नको म्हणाल्या. "माझ्या नावाने गेलंय, मीच लिहिते." पाठवलेल्या मेलमधून पत्ते काढून त्यांनी ८३ जणांना चार ओळी लिहिल्या. या वेळी पत्ते मात्र बीसीसीत टाकले, एकमेकांना दिसू नयेत म्हणून. उत्तरं मोजकीच आली. "नक्की का? माझ्याकडे तर सापडलंय," असं एकाने विचारलं. त्याला त्यांनी पुन्हा सविस्तर लिहिलं.

पुढे काही आठवड्यांनी त्या एक प्रिंटआउट घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. एका आजारी मुलाचा मेल होता. जितके लोक पुढे पाठवतील तितके पैसे एक कंपनी त्याच्या उपचारांना देणार, असा. दोघींनी मिळून वाचला. तारीख नाही, डॉक्टरचं नाव नाही, विचारायला फोन नंबर नाही. मी सांगितलं की साधा मेल कुणी किती जणांना पुढे पाठवला, हे मोजण्याची सोय कुठल्याच कंपनीकडे नसते. अशाच एका मेलमध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीचं नाव घातलं होतं आणि तो खोटा असल्याचं त्या संस्थेलाच जाहीर करावं लागलं होतं.

"पण मुलगा खरंच असला तर?" त्यांनी विचारलं.

असा एक मुलगा खरंच होता. १९८९ मध्ये ब्रिटनमधल्या एका मुलाला मेंदूत गाठ झाली आणि त्याला शुभेच्छापत्रं पाठवा, असं आवाहन झालं. आवाहन खरं होतं. पत्रं इतकी आली की त्याचा विक्रम झाला. १९९१ मध्ये शस्त्रक्रिया होऊन तो बरा झाला, पण तारीख नसलेलं आवाहन हातोहात फिरत राहिलं. पत्रं थांबवा असं सांगूनही ती वर्षानुवर्षं येत राहिली.

मॅडमनी कागदाची घडी घातली. "वहिनींनी पाठवलाय. त्यांना काय कळवू?"

माझ्याच मशीनवर बसून त्यांनी उत्तर टाइप केलं. 'वहिनी, मुलाचं वाचून मलाही वाईट वाटलं. पण आम्ही बघितलं, हा मेल खोटा आहे. पुढे पाठवू नका. तुम्हाला ज्यांनी पाठवला त्यांनाही कळवा.' वरच्या रकान्यात वहिनींचा एकच पत्ता आहे ना, हे त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि मेल पाठवला.