२०१५ चे मराठी सिनेमे, माझ्या क्रमाने

मराठी सिनेमाचं अलीकडचं सगळ्यात भारी वर्ष कुठलं असं कुणालाही विचारा, उत्तर २०१६ येतं, कारण सैराट. त्यात चूक काही नाही, सैराट मलाही प्रचंड आवडतो. पण एक सिनेमा मोठा झाला म्हणजे वर्ष मोठं झालं असं होत नाही ना. मी इतकी वर्षं सगळ्यांशी हेच भांडत आलोय की खरं वर्ष २०१५ होतं. कोर्ट, किल्ला, ख्वाडा, डबल सीट, कट्यार, हायवे, राजवाडे अँड सन्स, हे सगळे एकाच वर्षात थिएटरला लागले आणि यातले कुठलेही दोन एकमेकांसारखे नाहीत, ना विषयात, ना भाषेत, ना कॅमेरा कुठे ठेवलाय त्यात. म्हणून हे सगळे पुन्हा एकदा लावून बघितले आणि आता क्रम लावून टाकतोय.

क्रम लावताना कमाई, अवॉर्ड वगैरे बाजूला ठेवलं. मी एवढंच बघितलं की सिनेमा माझ्यावर विश्वास ठेवतो का. म्हणजे बघणाऱ्याला कळेल असं धरून पुढे जातो, की प्रत्येक गोष्ट आधी डायलॉगमधून सांगतो, मग म्युझिक वाजवून सांगतो आणि तरी शंका राहिली म्हणून फ्लॅशबॅक दाखवतो. आपल्याकडे प्रेक्षकाला समजणार नाही ही भीती फार आहे आणि या भीतीने चांगले चांगले सिनेमे खाल्लेत. २०१५ मध्ये बऱ्याच लोकांनी ही भीती सोडली होती, म्हणून ते वर्ष मला एवढं जवळचं आहे.

त्या वर्षाचं वातावरणही आठवा जरा. एप्रिलमध्ये तेव्हाचे सांस्कृतिक कार्यमंत्री विनोद तावडे यांनी मल्टिप्लेक्सला प्राइम टाइममध्ये मराठी सिनेमा दाखवणं बंधनकारक करायची घोषणा केली, त्यावर केवढा गदारोळ झाला, मराठी सिनेमाची खिल्ली उडवणारी शोभा डे यांची ट्वीट्स आली, त्यावर मोर्चे, निषेध म्हणून वडापाव घेऊन जाणं, सगळं झालं. शेवटी प्राइम टाइम म्हणजे दुपारी बारा ते रात्री नऊ असा काहीतरी मधला मार्ग निघाला. आणि हा धुरळा खाली बसायच्या आत, १७ एप्रिलला, कोर्ट रिलीज झाला.

कोर्ट माझा पहिला नंबर, आणि दुसऱ्या नंबरात आणि त्याच्यात बरंच अंतर आहे.

चैतन्य ताम्हाणेचा हा पहिला सिनेमा, व्हेनिसला बक्षिसं मिळवून आलेला, राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपट, पुढे ऑस्करला भारताकडून गेला, हे सगळं माहितीये सगळ्यांना. यामुळेच खूप लोकांनी तो बघायचा टाळला, फेस्टिवलवाला सिनेमा म्हणजे झोप येणार असं धरून. अरे पण त्यात कळायला अवघड काय आहे? नारायण कांबळे नावाचे एक म्हातारे लोकशाहीर आहेत, त्यांच्या गाण्यामुळे एका गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली असा आरोप ठेवून त्यांना अटक होते आणि खटला चालतो. बस. तारखा पडतात, कुणीतरी हजर नसतं, पुन्हा तारीख. कॅमेरा लांब एका जागी ठेवलेला आणि तो हलतच नाही. पहिली दहा मिनिटं अस्वस्थ व्हायला होतं कारण कुठे बघायचं हे कुणी सांगत नाही, आणि मग एकदम लक्षात येतं की आपण कोर्टात मागच्या बाकावर बसलोय.

मेलेल्या कामगाराच्या बायकोची साक्ष आहे ना, ती मी विसरूच शकत नाही. ती रडत नाही. आवाज चढत नाही, मागे व्हायोलिन नाही. तिचा नवरा गटारात उतरायच्या आधी झुरळ बाहेर येतं का बघायचा, आलं तर आत हवा आहे, मग उतरायचं, असं ती रोजची गोष्ट सांगावी तसं सांगते. सुरक्षेचं साहित्य काही नाहीच. वास सहन व्हावा म्हणून दारू. गटारातल्या गॅसने एक डोळा गेलेला. वकील विचारतायत, ती उत्तरं देतेय, जज साहेब ते रेकॉर्डवर घेतायत. आणि इथे खटला काय चाललाय तर गाण्याने जीव घेतला म्हणून! दिग्दर्शकाने एका शब्दानेही आपल्याला चिडायला सांगितलेलं नाही, आपोआप चिडतो आपण.

आणि सरकारी वकील नूतन, म्हणजे गीतांजली कुलकर्णी. दुसऱ्या कुणी तिला खलनायिका केलं असतं. इथे ती कोर्टातून निघते, लोकलने घरी येते, मुलाला घेते, स्वयंपाक करते, सुट्टीच्या दिवशी घरच्यांबरोबर नाटकाला जाते, तिथे परप्रांतीयांवरच्या विनोदांना अख्खं थिएटर टाळ्या वाजवतं आणि ही पण हसते. इतकी आपल्या ओळखीची बाई आहे ती, आपल्या शेजारी राहणारी, आणि तीच कोर्टात उभी राहून त्या म्हाताऱ्या माणसाला वर्षानुवर्षं आत ठेवायची मागणी थंडपणे करते. हे दोन्ही एकाच माणसात असतं हे दाखवायला फार धीर लागतो. शेवटाकडे कोर्टाची सुट्टी लागते, हॉल रिकामा होतो, एकेक दिवा बंद होतो आणि पडदा काळा. आमच्या शोला लोक उठायला लागले होते, मागून कुणीतरी विचारलं पण, संपला का? संपला नव्हता. त्यानंतर जज साहेबांची पिकनिक आहे आणि ती बघितल्याशिवाय कोर्ट पूर्ण होत नाही. वीरा साथीदार, ज्यांनी कांबळे केला, ते २०२१ ला कोविडमध्ये गेले. तो माणूस अभिनय करतोय असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

दुसरा किल्ला. अविनाश अरुणने स्वतःच कॅमेरा केलाय आणि स्वतःच दिग्दर्शन, बर्लिनला लहान मुलांच्या ज्युरीने त्याला क्रिस्टल बेअर दिलं होतं, आणि मला हा पुरस्कार बाकी सगळ्यांपेक्षा जास्त खरा वाटतो कारण हा सिनेमा मुलांना कळलाय हे त्यातून कळतं. वडील गेलेत, आईची कोकणात बदली झालीये, अकरा वर्षांचा चिन्मय नव्या शाळेत. आमच्या घरीही बदलीची नोकरी होती त्यामुळे नव्या वर्गात पहिल्या दिवशी कुठल्या बाकावर बसायचं हा प्रश्न किती मोठा असतो ते मला माहितीये, आणि किल्लामध्ये तो प्रश्न जसाच्या तसा आहे. मित्र होतात, मग एक दिवस किल्ल्यावर पाऊस येतो आणि ते मित्र याला तिथेच सोडून निघून जातात. बस एवढंच घडतं, पण त्या वयात हे एवढंच म्हणजे सगळं जग असतं. अमृता सुभाषची आई तर वेगळ्या पोस्टचा विषय आहे, ऑफिसमध्ये एकटी पडलेली, घरी मुलगा बोलत नाही, आणि रडायलाही जागा नाही. पार्थ भालेरावचा बंड्या बघून मात्र पूर्ण थिएटर हसत होतं. जूनच्या शेवटी, ऐन पावसात रिलीज केला होता, ज्याने कुणी ती तारीख ठरवली त्याला सलाम.

तिसऱ्या नंबरावर भांडण होणार हे मला माहितीये, कारण इथे मी कट्यार नाही, डबल सीट ठेवतोय.

समीर विद्वांसचा डबल सीट लोकांनी गोड सिनेमा म्हणून बघितला आणि सोडून दिला, मला वाटतं हा अन्याय आहे. मुंबईतली चाळ, एवढुसं घर, त्यात घरची सगळी माणसं आणि नवं लग्न झालेलं जोडपं. अंकुश चौधरी प्रेसमध्ये कामाला, मुक्ता बर्वे रोह्याहून लग्न करून आलेली, एलआयसीचं काम करणारी. दोघांना स्वतःचं घर पाहिजे, एवढीच गोष्ट. पण मुंबईत स्वतःचं घर पाहिजे म्हणणं ही केवढी मोठी गोष्ट आहे! आणि यात कुणी वाईट नाही, सासू वाईट नाही (वंदना गुप्ते काय बाई आहे, काय सहज काम केलंय), नवरा वाईट नाही, भांडणं होतात ती फक्त जागा नाही म्हणून. नवराबायकोला चार वाक्यं एकमेकांशी निवांत बोलायची तर त्यासाठी घराबाहेर पडावं लागतं, हे मराठी सिनेमाने इतक्या प्रेमाने कधी दाखवलं होतं? क्षितिज पटवर्धनचे संवाद कानाला संवाद वाटतच नाहीत. 'किती सांगायचंय मला' हे गाणं अजून माझ्या प्लेलिस्टमध्ये आहे. शेवटाकडे थोडा घाईत आवरलाय हे मान्य, म्हणून तिसरा, नाहीतर किल्लाच्या जोडीला बसवला असता.

चौथा ख्वाडा. भाऊराव कऱ्हाडेंनी जमीन विकून हा सिनेमा काढला ही गोष्ट तेव्हा सगळीकडे छापून आली होती आणि लोक सिनेमापेक्षा तेच जास्त बोलायचे. पण सिनेमा बघा, मेंढरं घेऊन फिरणारं धनगर कुटुंब, शशांक शेंडेंचा म्हातारा बाप, ज्याची स्वतःची जमीन गेलीये आणि त्याची केस वर्षानुवर्षं चालूये, आणि भाऊसाहेब शिंदेंचा बाळू, कुस्तीचं वेड असलेला आणि लग्न कधी होतंय याची वाट बघणारा. आवाज जागेवरच रेकॉर्ड केलेत, त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, आणि फरक कळतो, मेंढरांचा, कुत्र्यांचा, वाऱ्याचा आवाज डबिंगवाला नाहीये. गावाकडची भाषा विनोदासाठी न वापरता बोलायला वापरली आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. शेवटचा भाग बघून मी बराच वेळ गप्प होतो.

आता पाचवा, कट्यार काळजात घुसली. मारायला या, पण आधी ऐकून घ्या. गाण्यांचा क्रम लावायचा असता तर कट्यार एक नंबर आणि दोन ते दहा रिकामे. १९६७ चं दारव्हेकरांचं नाटक, अभिषेकीबुवांचं संगीत, वसंतराव देशपांडेंनी केलेले खाँसाहेब, याला हात लावायचा म्हणजे विस्तवाशी खेळ, आणि सुबोध भावेने पहिल्याच दिग्दर्शनात तो खेळ केला. खाँसाहेबांसाठी राहुल देशपांडे गातात, म्हणजे आजोबांची भूमिका नातवाच्या गळ्यातून येते, पंडितजींचा शिष्य सदाशिव, त्याच्यासाठी महेश काळे, ज्याला 'अरुणी किरणी'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि शंकर महादेवन स्वतः पंडितजी म्हणून पडद्यावर. 'सूर निरागस हो' सुरू झालं की अंगावर काटा येतोच, आजही येतो. खाँसाहेब झालेल्या सचिन पिळगावकरांबद्दल लोकांनी आधी शंका काढल्या होत्या, त्या त्यांनी सगळ्या पुसून टाकल्या, हे त्यांचं कित्येक वर्षांतलं सगळ्यात मोठं काम आहे. अख्ख्या महाराष्ट्रातली शाळकरी पोरं त्यानंतर रागदारी गुणगुणत होती, हे किती मोठं आहे!

मग पाचवा का? कारण गाणं थांबलं की सिनेमा घाबरतो. रागलोभ मोठ्याने सांगितले जातात, प्रत्येक रागावलेल्या नजरेला म्युझिक आहे, राजवाडा एवढा चकचकीत की माणसं त्यात लहान दिसतात. ज्या कलाकृतीचा विषयच सूर आणि अहंकार आहे तिथे दोन सुरांमधल्या शांततेत पण काहीतरी ठेवायला हवं होतं.

यानंतरचे भराभर सांगतो. सहावा हायवे, 'देऊळ' सिनेमावाली उमेश कुलकर्णी आणि गिरीश कुलकर्णींची जोडी, मुंबई पुणे एक्स्प्रेसवेवर निघालेल्या वेगवेगळ्या गाड्यांमधली माणसं. काही गाड्या खूप आवडल्या, काहींमधून कधी एकदा उतरतोय असं झालं, पण असं काही करून बघायची हिंमत कुणात असते, आणि तो फार कमी लोकांनी बघितला याचं वाईट वाटतं. सातवा सचिन कुंडलकरचा राजवाडे अँड सन्स, पुण्यातलं सराफी पेढी असलेलं कुटुंब, सगळे एकाच छताखाली आणि सगळ्यांना सुटायचंय. सतीश आळेकर त्यात आजोबा आहेत आणि नुसते खुर्चीत बसले तरी घरात वचक दिसतो. आठवा मुंबई पुणे मुंबई २, हा नेमका कट्यारच्याच दिवशी लागला, १२ नोव्हेंबर, दिवाळीत, समोर सलमानचा मोठा हिंदी सिनेमा, आणि तरी दोन्ही मराठी सिनेमे चालले. त्या आठवड्यात थिएटरबाहेर मराठी सिनेमाची रांग बघून जे वाटलं ते कुठल्या प्राइम टाइमच्या नियमाने वाटलं नव्हतं. पण पहिल्या भागात दोघंच होती आणि गप्पा होत्या, दुसऱ्यात लग्न, पाहुणे, गडबड, आणि मुक्ता बर्वे आणि स्वप्निल जोशीला निवांत बोलायला वेळच मिळत नाही. नववा लोकमान्य, वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात आलेला. टिळकांच्या भागात सुबोध भावे जबरदस्त, आजच्या काळातला पत्रकार आला की तीच गोष्ट आपल्याला पुन्हा समजावून सांगितली जाते.

दहावी जागा मी रवी जाधवला देतोय आणि यात मला खरंच प्रश्न पडलाय. मे मध्ये त्याचा टाइमपास २ आला, गर्दी झाली, 'मदन पिचकारी' प्रत्येक वरातीत वाजलं. मला पहिला टाइमपास आवडतो, त्यातला दगडू आणि प्राजू खरे होते, दुसऱ्यात मोठे झालेले दगडू प्राजू पहिल्याच्या आठवणींवर जगतात आणि वैभव मांगलेचा शाकाल नसता तर मी अर्ध्यातून उठलो असतो. आणि जुलैमध्ये, त्याच दिग्दर्शकाचा, बायोस्कोपमधला मित्रा आला. कृष्णधवल, छोटासा, स्वातंत्र्याच्या आसपासचा काळ, वीणा जामकरची एक मुलगी जिला दुसरी मुलगी आवडते. एक शब्द जास्तीचा नाही. तर दहावा नंबर मित्राला, टाइमपास २ ला नाही. आणि बायोस्कोप चार लघुपटांचा मिळून एक सिनेमा आहे म्हणून थांबलोय, नाहीतर एकटा मित्रा कट्यारच्या वर ठेवला असता.

मितवा, क्लासमेट्स, दगडी चाळ, कॉफी आणि बरंच काही, शटर, हे पण त्याच वर्षीचे. यातला कॉफी मी कधीही टीव्हीवर लागला तर बघतो. तुमचे दहा कुठले ते खाली लिहा, पण प्लीज नुसतं कट्यार पाचवा कसा एवढंच लिहू नका, त्याच्या वरच्या चारांपैकी कुठला काढणार तेही सांगा.